पाचवं रूप

चांदीसारखं नाठाळ गिऱ्हाईक कॅमेऱ्यापुढं दुसरं नाही, असं सानिका शिगवणचं ठाम मत होतं. नवरी गोरी असो, सावळी असो, दिवा जरा इकडेतिकडे सरकवला की ऐकते. चांदी ऐकत नाही. उन्हात आली की नुसता पांढरा भडका; ना नाक दिसत, ना डोळे. आणि तिच्यासाठी उजेड कमी करावा, तर आजूबाजूची माणसं कोळशाच्या वखारीतून उठून आल्यासारखी दिसतात.

खेडच्या एसटी डेपोसमोर सानिकाचा स्टुडिओ होता. लग्नं, बारशी, साखरपुडे यांच्यावर तिचं बरं चाललं होतं. पण शिमग्याला कितीही मोठं काम आलं तरी ती घ्यायची नाही. त्या दिवसांत ती काजरकोंडला, आपल्या गावी, पालखीच्या मागे पळायची. ज्यांना रजा मिळाली नाही ते मुंबईकर तिचं थेट प्रक्षेपण फोनवर बघायचे आणि तिकडून हात जोडायचे.

काजरकोंडच्या पालखीत चांदीची पाच रुपं बसतात. म्हणजे देवांचे मुखवटे. मधोमध ग्रामदेवी सोमजाई. म्हणून गेल्या वर्षी सानिकानं खास छोटा मॉनिटर घेतला, तो कॅमेऱ्यावर बसवला आणि त्यातला ‘फॉल्स कलर’ शिकून घेतला. बटण दाबलं की पडद्यावरचे खरे रंग जातात आणि उजेडाच्या मापाचे रंग येतात. अंधार तिथं जांभळा, सावली निळी, मध्यम उजेड हिरवा, नीट उजळलेले चेहरे गुलाबी. उजेड हाताबाहेर जायला लागला की पिवळा, आणि गेलाच की लाल. लाल दिसलं की समजायचं, तिथलं चित्र जळालं. मागाहून कितीही डोकं आपटलं तरी परत मिळायचं नाही.

गेल्या वर्षी रामा गुरवानं त्या पडद्यात डोकावून विचारलं होतं, “देवीला पण रंग लावलेस काय गो? तिला तरी सोड!” सगळी सहाण हसली होती. सहाण म्हणजे देवळापुढचा तो दगडी चौथरा, जिथं पालखी बसते.

यंदाही पालखी सकाळीच सहाणेवर येऊन बसली. ऊन समोरून, कोवळं आणि स्वच्छ. बायका ओट्या भरत होत्या. सानिकाची आई तुळसा सगळ्यांत पुढं होती. लेकीचा स्टुडिओ चालू दे म्हणून तिनं नवस बोलला होता, तो आज फेडत होती. सानिकानं कॅमेरा ट्रायपॉडवर चढवला, पाचही रुपं चौकटीत घेतली आणि बटण दाबलं.

चार रुपं पिवळीधमक झाली, कपाळावर आणि नाकाच्या शेंड्यावर लाल ठिपके. बरोबरच होतं. मधली सोमजाई मात्र हिरवी.

सानिकाला वाटलं, पालखीच्या छताची सावली पडली असेल. तिनं जाऊन छताची झालर वर केली. परत येऊन बघते तो सोमजाई हिरवीच. काच पुसली. कॅमेरा दोन हात डावीकडं नेला, मग उजवीकडं. चार रुपं कूस बदलल्यासारखी लाल-पिवळी होत राहिली, मधलं काही हललं नाही. तिनं रंग बंद करून नुसत्या डोळ्यांनी बघितलं. डोळ्यांना सगळं ठीक होतं. झेंडूच्या माळा, हिरवा शालू, मळवट, आणि पाचही मुखवटे लखलखीत. डोळा बिचारा भाबडा. चमकतंय म्हटलं की समाधान.

मग तिनं गेल्या वर्षीचं चित्रण काढलं. ते तिनं जपून ठेवलं होतं, कारण उजेड कसा धरला होता हे तिला ताडून बघायचं होतं. तीच सहाण, तीच वेळ, तसंच ऊन. बटण दाबलं. पाचही रुपं पिवळी, पाचही कपाळं लाल.

सानिकानं दोन्ही चित्रं पुन्हा शेजारी लावून बघितली. तरी मन मानेना. धूळ बसली असेल, नीट घासलं गेलं नसेल, असं तिनं स्वतःला समजावलं. पण ते समजावणंही खुळचटच होतं, कारण रुपं घासायचा मान तिच्याच घराचा. रुपांची पेटी शिगवणांच्या देवघरात असते, किल्ली तिच्या वडलांच्या करगोट्याला. आणि धोंडू शिगवण रुपं अशी घासायचे की त्यात बघून दाढी करावी.

ते पालखीशीच उभे होते, माळ सारखी करत. सानिका जवळ गेली.

“आबा, सोमजाईला जरा परत पुसता काय? कमी चमकतेय.”

आबांचा हात माळेवरच थांबला. “चमकतंय की.”

“डोळ्याला चमकतंय. इथं बघा.” तिनं मॉनिटर काढून त्यांच्यापुढं धरला. एका बाजूला गेल्या वर्षीचं चित्र, एका बाजूला आजचं. “चार सारखी आणि हीच एक वेगळी. दुसऱ्याच धातूची असल्यासारखी.”

ती हे सहज बोलून गेली होती. पण आबांचा चेहरा बघितला आणि तिला बोललेलं परत गिळावंसं वाटलं. उन्हातान्हात रापलेला तो काळाभोर चेहरा राखेसारखा झाला होता.

“ते रंग बंद कर,” आबा म्हणाले. असा आवाज तिनं जन्मात ऐकला नव्हता. “बंद कर सांगतोय ना!”

देवळामागं फणस आहे. तिथं ती त्यांना जवळजवळ ओढतच घेऊन गेली. ढोल वाजत होता, त्यामुळं कुणी ऐकेल ही भीती नव्हती.

“आबा, खरं सांगा. सोमजाई कुठाय?”

आबा फणसाच्या मुळावर बसले. दोन्ही तळवे उलगडून त्यांनी समोर धरले.

“डोहात,” ते म्हणाले.

सानिकाला आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि तिनं फणसाला हात टेकला.

शिमगा संपला की रुपं धुऊन पेटीत ठेवायची, ही काजरकोंडची रीत. धुवायची ती जगबुडी नदीच्या मानाच्या डोहावर, पेटीच्या मानकऱ्यानं एकट्यानं, उपाशी पोटी आणि मुक्यानं. घरातून पेटी निघाली की मौन सुरू. पेटीला परत कुलूप लागलं की सुटतं. मध्ये एक शब्द तोंडातून निघाला तर गावावर संकट, असं पणजोबांपासून सांगत आलेले.

“रिठ्याच्या फेसानं बुळबुळीत झाली व्हती,” आबा म्हणाले. “तळव्यावर घेतली नि सुटली. डोळ्यादेखत गेली गो खाली. मी उडी टाकली. मगरी असतात म्हणून कुणी उतरत नाय त्या डोहात, पण मी उतरलो. हाताला नुसता चिखल लागला.”

“एकटेच? कुणी नव्हतं काठावर?”

“होतं ना.” आबांनी नदीकडं बोट केलं. “पल्याड रामा व्हता, म्हशी धुत. वाडीतले पोरगे व्हते. एक हाक मारली असती तर सगळे उड्या टाकून आले असते. हातावर हात धरून डोह उपसला असतानी.”

“मग का नाही मारलीत?”

“मौन व्हता गो!”

देवी बुडते आहे आणि देवीचा माणूस देवीची रीत मोडू नये म्हणून तोंड मिटून काठावर उभा आहे! हसावं की ऊर बडवावा, सानिकाला कळेना.

“बरं, पण मग नंतर? कुलूप लागल्यावर?”

“तवा बोलायचा व्हता. चार रुपं ठेवली, कुलूप लावला, नि तोंड उघडला तर शब्दच फुटला नाय. म्हटलं उद्या बोलू. मग म्हटलं पाडव्याला बोलू. वर्ष गेला.” आबांनी मान खाली घातली. “मग पार लांब जाऊन एकाकडून हे करून घेतला. पांढरा धातू, वरून पाणी दिलेला. त्यानं विचारलान, नमुना काय? तूच काढलेला फोटो दाखवला. तू काढलास म्हणून नाक-डोळा बरोबर उतरला.”

ते ऐकून तिला कानफटात बसल्यासारखं झालं. गेल्या वर्षी तिनं किती मन लावून तो फोटो काढला होता! चांदी जळू नये, देवीच्या पापणीची रेघ न् रेघ दिसावी म्हणून. आणि त्या मेहनतीचं हे झालं. सकाळपासून सगळा गाव ज्या तोंडापुढं नाक घासत होता, ते तोंड तिच्या फोटोवरून ओतलेलं होतं. तिच्या आईनं नवस फेडला होता तोही त्याच्याचपुढं.

तिला आबांचा राग आला, अगदी उलटून पडावं इतका. पण फणसाच्या मुळावर बसलेला तो माणूस एवढासा झाला होता. गावात त्यांना कुणी धोंडू म्हणून एकेरी हाक मारली तरी पुढं ‘पेटीवाला’ लावल्याशिवाय बोलत नसत. हे फुटलं तर पेटी जाईल, मान जाईल. आणि ते गेलं की आबा उरतील काय? सानिकाला उत्तर ठाऊक होतं.

“आबा, उठा. डोळे पुसा,” ती म्हणाली. “कुणाला कळणार नाही.”

आणि तिनं जे केलं ते तिच्या हातांना एवढं सवयीचं होतं की मन आडवं यायच्या आत होऊनही गेलं. बॅगेत काडेपेटीएवढा बॅटरीचा दिवा होता, नवरीच्या घुंगटात उजेड भरायला वापरायची तो. आबांच्या देखत, माळ नीट करायच्या निमित्तानं तिनं तो पालखीच्या छताखाली, झेंडूच्या दाट माळेत अडकवला, नेमका सोमजाईच्या तोंडावर. मग कॅमेऱ्याशी येऊन रंग लावले. हिरवी सोमजाई गुलाबी झाली. फोनवरून दिवा थोडा वाढवला, पिवळी. अजून थोडा, आणि कपाळावर लाल ठिपका उमटला.

आता पाचही सारखी. उजेड मापायचं यंत्र तिनं खोटं झाकायला वापरलं होतं, आणि ते इतकं नीट जमलं होतं की तिची तिलाच शिसारी आली.

दुपारी खूण होती. शिमग्याची ही गंमत कोकणाबाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. शेतात कुठंतरी नारळ पुरून ठेवतात. कुठं, ते पुरणाऱ्यालाच माहीत. मग पालखी खांद्यावर घेऊन माणसं शेतात उतरतात आणि पालखीच त्यांना ओढत नेते. जिथं ती वाकेल तिथं उकरायचं, नारळ निघतोच. खांदेकरी म्हणतात, आम्ही नेत नाही, देवी नेते. सानिका शिकलेली, तिला वाटायचं, कुणाचा तरी खांदा ओढत असणार. पण वाद घालून कुणाचा शिमगा बिघडवायची तिला हौस नव्हती. काजरकोंडात खूण पुरायचा मान रामा गुरवाचा.

पुढच्या खांद्याला आबा होते. सानिकानं नको म्हणून खुणावलं, पण पेटीवाल्यानं खांदा दिला नाही तर लोक विचारणार. ढोल वाजायला लागला. पालखी कापल्या भाताच्या मळ्यात उतरली, डोलली, गरकन फिरली, बांधाला जाऊन परत आली. सानिका कॅमेरा खांद्यावर घेऊन मागं पळत होती. फोनवर मुंबईकर हात जोडल्याच्या खुणा पाठवत होते. रामा पालखीच्या पुढं चालत होता, आणि दर वर्षी चेष्टामस्करी करणारा हा म्हातारा आज एक शब्द बोलत नव्हता.

पालखी नदीकडच्या कोपऱ्यात गेली, आबा जवळजवळ फरफटत गेले, आणि दांडा असा वाकला की झालर मातीला लागली.

“खूण! खूण!” पोरं ओरडली.

रामा गुडघ्यावर बसला. हातांनीच माती उकरायला लागला. ढेकळं बाजूला झाली, लाल फडकं दिसलं. नारळ कधी फडक्यात बांधत नाहीत, हे सानिकाच्या ध्यानात आलं तेव्हा रामानं गाठ सोडलीसुद्धा होती.

आत सोमजाई होती.

ढोल आपोआप थांबला. वाजवणाऱ्याचा हात वरच राहिला. मळ्यात एवढी माणसं, पण वाऱ्यानं पेंढा हलला तो ऐकू आला. बायकांनी तोंडावर हात धरले. रामानं अंगठ्यानं कपाळावरची माती पुसली आणि तेवढा तुकडा उन्हात लखकन उठला.

“सोमजाई तर पालखीत हाय!” कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

सगळ्या माना पालखीकडं वळल्या, मग मातीकडं, मग परत पालखीकडं. सानिकानं नकळत मॉनिटरकडं बघितलं. रंग चालूच होते. मातीतल्या सोमजाईच्या कपाळावर लाल ठिपका. पालखीतल्या सोमजाईच्या कपाळावरही लाल ठिपका. तिनंच लावलेल्या दिव्याचा. आता यंत्र सांगू शकत नव्हतं खरी कोण ते. डोळ्यांना तर कधीच सांगता आलं नव्हतं.

“देवीनं दुसरा रूप दिलान!” म्हातारी गंगा किंचाळली आणि तिथंच लोटांगण घातलं. “गावाला दुसरा रूप दिलान गो आईनं!”

एक, मग दुसरी, मग रांगच लागली. माणसं मातीत आडवी व्हायला लागली. कुणी रडत होतं, कुणी फोन काढत होतं. सानिकाच्या फोनवर संदेशांचा पूर आला. चमत्कार, चमत्कार! तिला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या सुटकेची तिची तिलाच लाज वाटली. गप्प राहायचं. नुसतं गप्प राहायचं. आबा वाचत होते. वाचत होते ते असे, की उद्यापासून काजरकोंडला दोन सोमजाया, आणि एकीपुढं जन्मभर खोटी ओटी.

रामा मात्र लोटांगण घालत नव्हता. देवी मांडीवर घेऊन तो बसला होता आणि एकटक आबांकडं बघत होता.

आबांच्या खांद्यावर दांडा तसाच होता. त्यांनी एकदा रामाकडं बघितलं, एकदा लोळणाऱ्या गावाकडं. मग मान वळवून लेकीला शोधलं.

“सानिका,” ते म्हणाले, “तो दिवा काढ.”

तिनं कॅमेरा अजून घट्ट धरला.

“काढ गो. माळेतला दिवा काढ.”

जवळची माणसं उठून बसली. सानिकानं कॅमेरा बांधावर ठेवला. झेंडूच्या माळेत हात घातला, आणि दिवा ओढताना माळच तुटली. फुलं पालखीभर सांडली. दिवा हातात आला, तापून गरम झालेला. सकाळचं समोरचं ऊन आता नव्हतं; छताखाली पालखीतली सोमजाई विझल्यासारखी झाली. बाजूची चार रुपं तशीच चमकत होती.

आणि मग आबांनी हाक मारली. समोर नदी होती, त्या दिशेला तोंड करून, मानेच्या शिरा तटतटून, पार पलीकडच्या काठावर पोचावी अशी.

“धावा रे! सोमजाई पडली! माझ्या हातातनं पडली! धावा!”

गाव दगडासारखा उभा राहिला. कुणाला काही समजलं, कुणाला नाही. पण सानिकाला समजलं. ही आजची हाक नव्हती. वर्षभर त्या गळ्यात अडकलेली, डोहाच्या काठावर मारायची राहून गेलेली हाक होती ती. आबा तीच हाक पुन्हा पुन्हा मारत होते, थांबेनातच. तुळसा धावत आली आणि नवऱ्याच्या छातीवर हात ठेवून उभी राहिली. तिला काहीच ठाऊक नव्हतं, आणि तिच्या डोळ्यांत ते सगळं एकदम उतरत होतं.

रामा उठला. मूल पदराखाली घ्यावं तशी देवी त्यानं उपरण्याखाली घेतली होती.

“त्या दिवशी पल्याडच व्हतो रे मी, धोंडू,” तो म्हणाला. “तू बुड्या मारत व्हतास. मला वाटला अंघोळ करतोय. मग वैशाखात पाणी आटला तवा खाली खडपात, दगडांच्या फटीत ही गावली. तवापास्नं रोज वाट बघतोय. म्हटला आज येशील, सांगशील, मी काढून देईन, कुणाला कळायचा पण नाय. आज सकाळी पालखीत सोमजाई बघितली नि माझा धीर सुटला.”

आबांची हाक थांबली. वर्षभर ज्यांना कळेल म्हणून भीती होती, त्यांतल्याच एकाच्या घरात देवी होती, आणि एका हाकेच्या अंतरावर होती.

त्यांनी दांड्याखालून खांदा काढायला घेतला.

कुणी त्यांना ‘जा’ म्हणालं नाही आणि कुणी ‘राहा’ही म्हणालं नाही. बांधावर ठेवलेला कॅमेरा चालूच होता. मुंबईत ज्यांनी फोन हातात धरला होता त्यांना मळ्याचा कोपरा दिसत होता आणि हातात विझलेला दिवा घेऊन उभी असलेली सानिका; मॉनिटरवर तेच हिरव्या-निळ्या रंगात होतं. तिनं जाऊन रंग बंद केले. कॅमेरा बंद केला नाही.